रीफ टाकीतलं शेवाळ: मोकळ्या दगडावर कुणाला बसू द्यायचं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. ठाण्यातली तीन फुटी, साधारण २०० लिटरची खाऱ्या पाण्याची रीफ टाकी (म्हणजे प्रवाळांची टाकी), वय आठ महिने. सुरुवात ड्राय रॉकवर, म्हणजे कोरड्या, निर्जीव दगडांवर. आत क्लाउनफिशची जोडी, तीन डॅमसेल मासे, आणि मऊ प्रवाळांत थोडे झोअँथिड, मश्रूम आणि एक टोडस्टूल लेदर. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं. दगडांवर बोटभर लांब हिरवं केसाळ शेवाळ, वाळूवर एका कोपऱ्यात लालसर तपकिरी थर. टेस्ट किटवर नायट्रेट १० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), फॉस्फेट शून्य. एक दिवसाआड पाणी बदलणं चालू आहे, लाइट चार तासांवर आणलाय, माशांचं खाणं निम्मं केलंय. आता फॉस्फेट रिमूव्हर (फॉस्फेट शोषणारे दाणे) दुप्पट करायचा की सगळे दगड बाहेर काढून घासून धुवायचे, असं विचारलंय. आणि मूळ शंका अशी की फॉस्फेट शून्य असताना शेवाळ येतंच कसं?

दोन्ही करू नका. दगड धुऊन टाकी पुन्हा लावली की ती पहिल्या दिवसावर जाते आणि आत्ता ज्या टप्प्यातून जाताय तोच पुन्हा मुळापासून भोगावा लागतो. रिमूव्हर तर आजच काढून ठेवा, त्याचं कारण पुढे येईल. माझं म्हणणं इतकंच आहे: उजेड आणि खारं पाणी मिळालेला दगड कधी मोकळा राहत नाही. त्यावर कुणीतरी बसणारच. केसाळ शेवाळ बसायचं की गुलाबी कोरलाइन (दगडावर कडक थर धरणारं, हवंहवंसं शेवाळ), जिवाणूंचा थर आणि प्रवाळ, एवढंच आपल्या हातात असतं. शेवाळ मारायचे बहुतेक उपाय फक्त जागा मोकळी करून देतात. ती कोण भरणार याची तजवीज नसेल, तर तेच शेवाळ परत येतं, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी येतं.

आता त्या शून्याकडे वळू. टेस्ट किट फक्त त्या घटकेला पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट मोजतं. शेवाळाच्या पेशींत गेलेलं, वाळूतल्या गाळात अडकलेलं, दगडातल्या कॅल्शियम कार्बोनेटला चिकटलेलं फॉस्फेट त्या बाटलीत येतच नाही. दगडावर बोटभर वाढ आहे याचा अर्थ फॉस्फेट रोज येतंय आणि येताक्षणी उचललं जातंय. शिवाय रंग जुळवून बघायच्या किटवर ०.०२ आणि ०.०८ यांतला फरक घरातल्या उजेडात डोळ्यांना कळत नाही, आणि रीफच्या टाकीत सगळा खेळ तेवढ्याच फरकाचा असतो. एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर कमी पातळीचं फॉस्फेट मोजणारा डिजिटल कलरीमीटर घ्या. हॅना कंपनीचे असे छोटे चेकर बरेच जण वापरतात. त्यांतही थोडी चूक राहते, म्हणून एका आकड्यावर निर्णय न घेता आठवड्याला एकदा, ठरलेल्या वेळी मोजून कल कुठे जातोय ते पाहा.

हे फॉस्फेट येतं मुख्यतः खाण्यातून. कोरड्या दाण्यांत साधारण १ टक्का फॉस्फरस धरला, तर १ ग्रॅम दाण्यांतून १० मिलिग्रॅम फॉस्फरस टाकीत जातो. फॉस्फेट म्हणून मोजला तर तोच सुमारे ३० मिलिग्रॅम होतो. २०० लिटरमध्ये तो सगळा विरघळला तर पातळी ०.१५ पीपीएमने वर जाईल. खुल्या समुद्रातल्या रीफवर फॉस्फेट ०.०२च्या आसपास असतं, यावरून चिमूटभर दाण्यांचं वजन लक्षात येईल. आता पाणी बदलण्याचा हिशेब बघा. पातळी ०.२० असताना १० टक्के पाणी बदललं की ती ०.१८ होते, आणि दगडाला चिकटलेलं फॉस्फेट सुटून एक-दोन दिवसांत पुन्हा ०.२०च्या जवळ येते. म्हणून एक दिवसाआडच्या पाणीबदलाने तुमची कंबर आणि मिठाची बादली दोन्ही खर्ची पडतायत, शेवाळाला मात्र फारसा फरक पडत नाही. आठवड्याला १० टक्के बदल पुरे. तो करायचा तो वाळूतला गाळ उपसण्यासाठी आणि क्षार भरून काढण्यासाठी.

म्हणून मासे उपाशी ठेवा असं मी सांगणार नाही. अर्धपोटी डॅमसेल एकमेकांवर धावून जातात, क्लाउन खंगतात, आणि शेवाळ दगडातल्या साठ्यावर जगतच राहतं. दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल इतकंच घाला. फ्रोझन खाणं गाळणीत धुऊन घालायची सवय चांगली आहे, पण त्या पाण्यातून जाणारं फॉस्फेट एकूण खाण्याच्या मानाने थोडंच असतं. फ्रोझन धुतलं म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही.

तुमच्या टाकीत दुसरा स्रोत खुद्द दगड आहे. समुद्रातून आलेला जुना, वाळलेला दगड असेल तर त्याच्या भोकांत कधीकाळच्या जिवांचे अवशेष आणि कार्बोनेटला बांधलेलं फॉस्फेट असतं, ते महिनोन्महिने झिरपत राहतं. तरीही ड्राय रॉकवर सुरुवात केलीत हे उत्तमच केलंत. भारतात रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मन्नारच्या आखातातला किंवा लक्षद्वीपचा लाइव्ह रॉक (समुद्रातून जिवंत जीवांसकट काढलेला दगड) कुणी देऊ केला तर हात लावू नका. पण ड्राय रॉक म्हणजे कोरी जागा, हे त्याबरोबर येतंच. नांगरून मोकळं सोडलेल्या रानात पहिल्या पावसाला तण माजतं, तसंच इथे होतं. आधी डायटमची (सिलिकाचं कवच असलेल्या एकपेशीय शेवाळाची) तपकिरी भुकटी, मग सायनोचे (सायनोबॅक्टेरियाचे) पापुद्रे, मग हिरवे केस, हा क्रम जवळपास प्रत्येक ड्राय रॉकच्या टाकीत दिसतो. आठव्या महिन्यात तुम्ही त्याच रांगेत उभे आहात. यात तुमचं काही बिघडलेलं नाही.

पाण्याचं मात्र बघायला हवं. घरच्या आरओमध्ये बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार). तो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी पुन्हा मिसळतो, आणि काहींत वर मिनरल कार्ट्रिजही असतं. पिण्यासाठी ठीक, रीफसाठी नाही. काही मशिनांत मेम्ब्रेनवर क्षार बसू नयेत म्हणून आधीच्या टप्प्यात अँटीस्केलंटचे खडे घातलेले असतात, ते बहुधा पॉलिफॉस्फेटचेच असतात. त्यातलं बरंचसं मेम्ब्रेन अडवतं, पण हे खडे मशिनात आहेत याची माहिती असू द्या. टीडीएस मीटर नळाखाली नव्हे, बादलीत बुडवून वाचा. ४० किंवा ६० दाखवलं तर नवल वाटणार नाही, हवंय मात्र ०. टीडीएस कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी, थेट मेम्ब्रेनमधून येणारं पाणी वेगळ्या पाइपने काढून घ्या आणि पुढे डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा) एक डबा लावा. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर रेझिन भराभर संपेल. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिका सुटते, आणि टीडीएस मीटरला ती जवळजवळ दिसत नाही. म्हणून मीटर ० दाखवतोय आणि काचेवर तपकिरी भुकटी मात्र रोज येतेय असं झालं तर पहिला संशय रेझिनवर घ्या. आणि मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी भरून आणायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शहराचं सांडपाणी त्याच समुद्रात जातं.

आता तुमच्याकडे नेमकं काय वाढलंय ते ओळखू या. अर्ध्याहून जास्त लोक इथेच चुकीच्या रस्त्याला लागतात. ‘शेवाळ’ या एका नावाखाली टाकीत पाच-सहा अगदी वेगळे जीव येतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला खतासारखं लागू पडतं.

हिरव्या केसांचा एक झुपका उपटून पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात ठेवा आणि भिंगाने बघा. साधे, मऊ, फांद्या नसलेले किंवा विरळ फांद्यांचे धागे असतील आणि पाण्याबाहेर काढताच ओल्या कापसासारखे गोळा होत असतील, तर ते नेहमीचं हेअर अल्गी, बहुधा डर्बेसिया. हे उपटता येतं आणि गोगलगायी खातात. धाग्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बारीक पिसं दिसली, नेच्याच्या पानासारखी, तर ते ब्रायोप्सिस. त्याला बहुतेक प्राणी तोंड लावत नाहीत आणि पोषक द्रव्यं कमी करूनही ते हटत नाही, त्याची वाट वेगळी. तार धरावी तसे राठ, दगडात रुतलेले, उपटताना तुटणारे धागे क्लॅडोफोरासारख्या जातीचे. हिरवे चकचकीत काचमण्यांसारखे फुगे दिसले तर व्हॅलोनिया. ते दगडावर न फोडता, एका हाताने सायफनची नळी लावून मुळापासून खरवडून काढावेत. एमराल्ड खेकडा त्यांना खातो, पण सगळेच खेकडे खात नाहीत.

वाळूवरचा तुमचा थर कशाचा आहे हे फोटोवरून सांगता येत नाही, आणि नेमकं तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. नळीने हलकेच ओढून बघा. पापुद्रा एकसंध निघाला, कापडाच्या तुकड्यासारखा गुंडाळत आला आणि हाताला उग्र वास राहिला तर सायनो. ते शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत. त्यातल्या काही जाती हवेतून विरघळलेला नायट्रोजनही वापरतात, म्हणून नुसतं नायट्रेट खाली आणून त्यांच्यावर इलाज होत नाही. पीठ उडावं तसा थर उडाला तर डायटम. आणि शेंबडासारखे तपकिरी धागे, त्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री जवळपास नाहीसे आणि लाइट लागल्यावर दुपारपर्यंत पुन्हा हजर, असं असेल तर डायनोफ्लॅजेलेट. लोक नुसतं डायनो म्हणतात. गोगलगायी पालथ्या पडून मरू लागल्या असतील तर संशय आणखी बळावतो, कारण ऑस्ट्रिऑप्सिससारख्या डायनोंत विष असतं.

शंका राहिली तर एक सोपी चाचणी आहे. थोडा थर पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्या, धागे पूर्ण सुटेपर्यंत जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि खाली आलेलं पाणी पारदर्शक ग्लासात उजेडात तासभर ठेवा. पाण्यात पुन्हा तपकिरी गुठळ्या जमल्या तर डायनो. सुटे झालेले हे जीव पोहत येऊन एकमेकांना चिकटतात, डायटम तसं करत नाहीत. शाळकरी मुलांच्या सूक्ष्मदर्शकात ४०० पट मोठं करून पाहिलंत तर प्रकारही कळेल. ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचा, टोकाला दोरीने बांधल्यासारखा एका जागी गरगरतो. ॲम्फिडिनियम चपटा असतो, वाळूच्या कणांवरून सरकत जातो.

तुमच्या वर्णनावरून केस डर्बेसिया आणि थर सायनो असावा असं मी धरून चाललोय. तपासून घ्या. तसं असेल तर सुरुवात हाताने करायची.

हाताने उपटणं कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच लोक बाटलीतला उपाय शोधतात. पण फॉस्फेट टाकीबाहेर काढायचा याहून थेट मार्ग नाही. जे फॉस्फेट किट दाखवत नव्हतं, ते अक्षरशः तुमच्या मुठीत येतं. पाणी बदलायच्या दिवशी पंप बंद करा. बाहेर काढता येतील ते दगड एकेक करून टाकीच्याच पाण्याच्या बादलीत घ्या, प्रवाळांना हात न लावता अंगठा आणि तर्जनीने केस मुळाशी धरून ओढा, उरलेलं कडक टूथब्रशने घासा, दुसऱ्या बादलीत विसळून परत ठेवा. टाकीत अडकलेल्या दगडांसाठी सायफनच्या नळीच्या टोकाला टूथब्रश रबर बँडने बांधा. घासलेलं तिथल्या तिथे नळीत ओढलं जायला हवं, कारण सुटे तुकडे पाण्यात पसरले की नव्या दगडावर रुजतात. काम झाल्यावर पंप लावण्याआधी मोठ्या सिरिंजने दगडांच्या फटींत पाण्याचा जोर मारा. धुरासारखा गाळ बाहेर येईल, तोही सायफन करा. सम्पमध्ये (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) फिल्टर सॉक, म्हणजे गाळणीची कापडी पिशवी, असेल तर त्या दिवशी नवा लावा आणि एरवीही दोन-तीन दिवसांनी बदला. सॉकमध्ये आठवडाभर कुजणारा कचरा पुन्हा पाण्यातच विरघळतो.

एखाद्या दगडावर प्रवाळ नसेल आणि मुळं निघत नसतील तर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. ३ टक्क्यांचं हवं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतं ते बहुधा ६ टक्क्यांचं असतं, लेबल वाचून तितकंच आरओचं पाणी मिसळा. दगड टाकीबाहेर काढून फक्त शेवाळावर ब्रशने लावा, मिनिट-दोन मिनिटं फेस येऊ द्या, खाऱ्या पाण्यात धुऊन परत ठेवा. टाकीत सरळ ओतू नका. पेपरमिंट आणि क्लीनर झिंगे त्याला फार नाजूक असतात.

केस छाटले गेले की चरणारे प्राणी आणा, त्याआधी नाही. गोगलगायींची जीभ आखूड, कोवळं शेवाळ खरवडण्यासाठी असते. बोटभर लांब केसांच्या जंगलात सोडलेल्या गोगलगायी तिकडे फिरकत नाहीत, आणि मग लोक म्हणतात आमच्या गोगलगायी खातच नाहीत. २०० लिटरला आठ-दहा ट्रोकस किंवा टर्बो गोगलगायींपासून सुरुवात करा, वाळूसाठी थोड्या सेरिथ गोगलगायी घ्या. नासारियस उरलेलं मांस खातात, शेवाळ नव्हे. ॲस्ट्रिया पालथी पडली की बऱ्याचदा तिला उलटता येत नाही, रोज बघून सरळ करणार असाल तरच घ्या. मासा हवाच असेल तर लॉनमोअर ब्लेनी चालेल, पण दगडावरचं शेवाळ संपल्यावर तो दाणे खायला शिकला नाही तर उपाशी मरतो, हे आधी लक्षात घ्या. टँग (शेवाळ खाणारा, पण पोहायला मोठी जागा लागणारा मासा) या टाकीत आणू नका. शेवाळासाठी तीन फुटांत कोंडलेला टँग मला बघवत नाही, आणि त्याला घालाव्या लागणाऱ्या खाण्यातून फॉस्फेट वाढेल ते वेगळंच. कोकणातल्या खडकांवरून गोगलगायी उचलून आणायचाही मोह टाळा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जगणारे ते जीव सतत पाण्याखाली नीट टिकत नाहीत, आणि शंखांच्या कित्येक जाती कायद्याने संरक्षित आहेत.

चरणाऱ्यांचं महत्त्व किती, हे खऱ्या रीफवर दिसलेलं आहे. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायडेमा जातीचे काळे, लांब काट्यांचे सी अर्चिन साथीत झपाट्याने मेले. जमैकाच्या आसपास शेवाळ खाणारे मासे जास्त मासेमारीने आधीच विरळ झाले होते, १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते, आणि आता चरणारा शेवटचा मोठा प्राणीही गेला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे ५० टक्क्यांहून जास्त असलेलं प्रवाळांचं आच्छादन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ५ टक्क्यांखाली आलं, आणि शेवाळाचं ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं. अख्ख्या समुद्राचं पाणी भोवती असूनही हे झालं. आपल्या टाकीत मात्र आपण पाण्याची दहा मापं घेतो आणि गोगलगायी तीन ठेवतो.

लाइट चार तासांवर ठेवू नका. झोअँथिड आणि लेदर उजेडावरच जगतात. ते मिटून बसले, आक्रसले की जागेसाठी लढणारा तुमच्या बाजूचा गडी कमी होतो. आठ तास द्या, त्यात निळा पूर्ण, पांढरा कमी, आणि लाल-हिरव्या एलईडीचा वेगळा चॅनेल असेल तर तो अगदी खाली. सायनोच्या कोपऱ्यात वेव्हमेकरचा (प्रवाह फिरवणाऱ्या पंपाचा) झोत वळवा. तो कोपरा नक्कीच असा असणार की तिथे वाळूचा कण हलत नाही आणि खाली काळपट गाळ आहे. दोन आठवडे रोज नाही, तरी एक दिवसाआड पापुद्रा सायफन केला आणि झोत बदलला की सायनो बहुधा एवढ्यावरच जातं. त्यासाठी इरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स टाकू नका. ज्या जिवाणूंनी दगड व्यापावा म्हणून आपण धडपडतोय, त्यांनाही त्याचा फटका बसतो.

सम्पमध्ये हातभर जागा असेल तर किटोमॉर्फा (गोळ्यासारखं वाढणारं, सहज काढता येणारं शेवाळ) लावा. टाकीचा लाइट बंद असतो तेव्हा त्याचा लाइट चालू ठेवा, म्हणजे रात्री पीएचही फार उतरत नाही. शेवाळानेच पाणी शुद्ध करायची ही कल्पना जुनी आहे. स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी यांनी १९८० च्या दशकात शेवाळाच्या जाळीवरून पाणी वाहवून आणि ती जाळी नियमित खरवडून मोठ्या रीफ टाक्या चालवल्या होत्या. कळीचा भाग खरवडण्याचा आहे. किटोचा गोळा वाढला की निम्मा काढून फेकायचा, तेव्हाच फॉस्फेट खरोखर टाकीबाहेर जातं. कॉलर्पा (असंच लावलं जाणारं दुसरं शेवाळ) मात्र टाळा. ती कधी कधी एका रात्रीत बीजं सोडून पांढरी पडते आणि साठवलेलं सगळं पाण्यात परत ओतते.

आता रिमूव्हर का काढायला सांगितला ते. त्यातले फेरिक ऑक्साइडचे दाणे विरघळलेलं फॉस्फेट झपाट्याने ओढतात. तुमच्या टाकीत विरघळलेलं आधीच नगण्य आहे, त्यामुळे केसाळ शेवाळाआधी उपासमार होते ती प्रवाळांची आणि जिवाणूंची. शेवाळ दगडातून झिरपणाऱ्यावर तग धरतं. आणि फॉस्फेट-नायट्रेट खरंच शून्याला टेकले की बाकीचे स्पर्धक मागे पडून डायनोंना मैदान मोकळं मिळतं. घरगुती रीफमधले डायनोंचे उद्रेक मी बघितले ते बहुतेक अशाच टाक्यांत, जिथे मालकाने अतिशय मन लावून पाणी ‘स्वच्छ’ केलं होतं. केसाळ शेवाळ कुरूप दिसतं, डायनो टाकी मारतात. म्हणून शून्य हे ध्येय ठेवूच नका. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१० यात राहू द्या. कोरलाइनसाठी कॅल्शियम ४२० च्या आसपास, अल्कलिनिटी (पाण्यातली कार्बोनेटची पातळी) ८ ते ९ डीकेएच आणि मॅग्नेशियम १३०० च्या वर, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे आकडे आठवड्या-आठवड्याला उड्या मारता कामा नयेत. रिमूव्हर पुन्हा लागला तर फॉस्फेट सलग काही आठवडे ०.१५ च्या वर दिसल्यावर, डब्यावर सांगितलेल्या मात्रेच्या चौथाईपासून.

वाळूवरचा तो थर डायनो निघाला तर वरचं बरंचसं उलटं करावं लागेल. पाणी बदलणं थांबवा, खाणं पूर्ववत करा, गरज पडली तर सोडियम नायट्रेट आणि ट्रायसोडियम फॉस्फेट मोजून घाला आणि नायट्रेट ५ च्या वर, फॉस्फेट ०.१ च्या जवळ आणून तिथे धरून ठेवा. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात उतरतो, म्हणून त्यावर यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) लागू पडतो. २०० लिटरला १५ ते १८ वॅटचा, आणि तो सम्पमध्ये न बसवता थेट टाकीचं पाणी त्यातून फिरवायचं. ॲम्फिडिनियम वाळू सोडत नाही, तिथे यूव्हीचा पैसा वाया जातो. त्यावर सिलिकेट घालून डायटम वाढवायचे आणि त्यांच्याकडून जागा भरून घ्यायची, ही रीत बऱ्याच जणांना लागू पडली आहे. दोन्हींत ॲक्टिव्हेटेड कार्बन लावून ठेवा, विष शोषलं जातं.

ब्रायोप्सिस निघालं तरच फ्लुकोनाझोल, हे मूळचं बुरशीवरचं औषध. साधारण मात्रा लिटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे दगड-वाळूची जागा वजा करून तुमच्या टाकीत जितकं पाणी असेल त्या हिशेबाने. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, चिठ्ठी घेऊनच आणा. टाकण्याआधी कार्बन काढा. आठवडा-दोन आठवड्यांत ब्रायोप्सिस पिवळं पडू लागतं. मरू लागलं की ते रोज सायफन करा, नाहीतर कुजून ऑक्सिजन खाईल. एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय टाकी ३० अंशांवर जात असेल तर हा उपाय पावसाळ्यानंतर करा. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात कुजणारं शेवाळ आणि मध्यरात्री वीज गेली तर सकाळी मासे वर तरंगताना दिसतील. वेव्हमेकर किंवा बॅटरीवरचा एअरपंप इन्व्हर्टरला जोडलेला असणं ही रीफ ठेवणाऱ्या प्रत्येकाची गरज आहे, शेवाळ असो नसो. फ्लुकोनाझोलचा सायनोवर आणि डायनोंवर उपयोग नाही.

अजून एक गोष्ट, फुकटातली आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. ज्यांची टाकी तीन-चार वर्षं नीट चालली आहे आणि जिथे ना डायनो ना रोग, अशा ओळखीच्या माणसाकडून मूठभर दगडाचे तुकडे आणि वाटीभर वरची वाळू मागून आणा. ओल्या कापडात गुंडाळून तासाभरात घरी पोचवा आणि सम्पमध्ये ठेवा. त्यात कोपेपॉड (डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव), छोटे किडे, जिवाणूंच्या कित्येक जाती आणि कोरलाइनची बीजं येतात. ड्राय रॉकच्या टाकीत हाच समाज नसतो, आणि बाटलीतल्या जिवाणूंनी तो सगळा येत नाही. देणाऱ्याच्या टाकीत एप्टेशिया (भराभर पसरणारा उपद्रवी सी ॲनिमोनी) किंवा व्हॅलोनिया आहे का, ते मात्र आधी डोळ्यांनी बघा.

वेळ किती लागेल? दर आठवड्याला उपटत राहिलात तर पहिले तीन-चार आठवडे केस तितक्याच वेगाने परत येताना दिसतील आणि हात टेकावेसे वाटतील. या काळात फॉस्फेटचा आकडा शून्यावरून ०.०४-०.०५ वर चढेल. घाबरून रिमूव्हर लावू नका, शोषणारं शेवाळ कमी झालं म्हणून तो दिसू लागलाय. साधारण दुसऱ्या महिन्यापासून उपटलेल्या जागी केस आखूड आणि फिकट येतात आणि गोगलगायींचे खरवडलेले पट्टे दगडावर दिसू लागतात. मग पंपाच्या जाळीवर आणि काचेच्या कडेला, जिथे उजेड कमी पडतो तिथे आधी, जांभळट गुलाबी ठिपके येतील. काच खरवडताना ते काढू नका. मागची काच तर खरवडूच नका, ती गोगलगायींसाठी आणि कोरलाइनसाठी सोडा. तोपर्यंत नवा मासा आणू नका, एकही नाही. जागा भरायला हवी असेल तर झोअँथिडचा तुकडा कापून दुसऱ्या दगडावर चिकटवा, मश्रूम पसरू द्या. उपटून मोकळा केलेला तळहाताएवढा दगड असेल तर पहिला मश्रूम तिथेच लावा.